वर्डप्रेसवरच्या चार्टला आपले रंग कसे द्यायचे: व्हिज्युअलायझर प्लगइन, पहिल्यापासून

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निकालाचा चार्ट वर्डप्रेसच्या साइटवर टाकून बघा. व्हिज्युअलायझर नावाचं प्लगइन घ्या, पाय चार्ट निवडा, पक्ष आणि जागा ओळीने भरा आणि बाकी कशालाही हात लावू नका. भाजप निळा होईल, शिंदे यांची शिवसेना लाल, अजित पवारांची राष्ट्रवादी नारंगी, ठाकरे यांची शिवसेना चक्क हिरवी आणि काँग्रेस जांभळी. आकडा एकही चुकलेला नाही, तरी निकाल माहीत असलेला माणूसही दोनदा बघणार.

यात प्लगइनचा दोष नाही. व्हिज्युअलायझर पडद्यामागे गूगल चार्ट्स वापरतं आणि गूगल चार्ट्सची रंगांची रांग ठरलेली आहे: निळा, लाल, नारंगी, हिरवा, जांभळा आणि पुढे आणखी काही. पाय चार्टमध्ये पहिल्या ओळीला पहिला रंग, दुसऱ्या ओळीला दुसरा. ओळींची अदलाबदल केलीत तर रंगांचीही होते. कुठला रंग कोणाचा हे त्या रांगेला कळत नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं, आणि सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. वेळ जातो तो काय सांगायचं हे ठरवण्यात.

रंग कशासाठी, हे आधी ठरवा

नवखा माणूस आधी रंगांची पेटी उघडतो. ती जरा बाजूला ठेवा. चार्ट बघणाऱ्याला काय कळायला हवं, ते एका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं: 'महायुतीच्या तीन पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या.' म्हणजे चार्टला महायुती, महाविकास आघाडी आणि इतर असे तीन गट दाखवायचे आहेत. सात ओळी असल्या तरी रंग तीनच पुरेत.

प्रत्येक पक्षाला त्याच्या झेंड्याचा रंग द्यावा, असं कोणालाही वाटेल. करून बघा, लगेच अडाल. भाजप भगवा, शिवसेना भगवी, आणि शिवसेना दोन आहेत. राष्ट्रवादीही दोन. सात छटांमधला फरक डोळ्यांनी ओळखायचा, मग सूचीत, म्हणजे कुठला रंग कोणाचा ते सांगणाऱ्या चार्टशेजारच्या यादीत, जाऊन नाव शोधायचं, मग परत चार्टवर यायचं, एवढी कसरत वाचक मोबाइलवर करत नाही. पक्षाचं नाव पट्टीच्या शेजारी लिहिलेलं असलं की पक्ष ओळखण्यासाठी रंग लागतच नाही. रंग मोकळा होतो आणि त्याच्याकडून दुसरं काम घेता येतं: युती कोणती, ते सांगण्याचं.

म्हणून पाय चार्ट सोडून आडवा बार चार्ट घेऊ. आपल्याकडे पक्षांची नावं लांबलचक असतात. उभ्या पट्ट्यांखाली ती तिरकी होतात किंवा कापली जातात. आडव्या पट्टीच्या डावीकडे ती सरळ वाचता येतात.

आकडे अशा पद्धतीने भरा की रंग आपोआप गटात बसेल

सगळ्यात महत्त्वाची युक्ती इथे आहे. गूगल चार्ट्समध्ये बार चार्टचा रंग ओळीला मिळत नाही, रकान्याला मिळतो. प्लगइनच्या भाषेत रकाना म्हणजे 'सीरीज'. सगळ्या जागा एकाच रकान्यात भरल्या तर सगळ्या पट्ट्या निळ्या होतील, आणि त्यातली एकच पट्टी वेगळी रंगवायची सोय शोधत तुम्ही बसाल. त्याऐवजी प्रत्येक गटासाठी वेगळा रकाना करा.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये पहिल्या ओळीत चार शीर्षकं द्या: पक्ष, महायुती, महाविकास आघाडी, इतर. पुढे प्रत्येक पक्षाची एक ओळ. आकडा ज्या गटाचा असेल त्या रकान्यात लिहा, बाकी दोन रकान्यांत शून्य. असं:

भाजप: १३२, ०, ०
शिवसेना (शिंदे): ५७, ०, ०
राष्ट्रवादी (अजित पवार): ४१, ०, ०
शिवसेना (ठाकरे): ०, २०, ०
काँग्रेस: ०, १६, ०
राष्ट्रवादी (शरद पवार): ०, १०, ०
इतर व अपक्ष: ०, ०, १२

शेवटच्या १२ जागांमध्ये दोन्हीकडचे छोटे मित्रपक्षही आले. ते वेगळे काढायचे असतील तर त्यांच्या ओळी करून योग्य रकान्यात टाका, पद्धत तीच. बेरीज मात्र २८८ येते ना, ते बघून घ्या.

व्हिज्युअलायझरची एक अट आहे. शीर्षकांच्या खालच्या, म्हणजे दुसऱ्या ओळीत प्रत्येक रकान्यात काय आहे ते इंग्रजी लहान अक्षरांत लिहावं लागतं: मजकूर असेल तर स्ट्रिंग, संख्या असेल तर नंबर. आपल्या तक्त्यात पहिला रकाना स्ट्रिंग, पुढचे तीन नंबर.

मराठीत काम करणाऱ्यांना हमखास नडणाऱ्या तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो. पहिली, आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. मी इथे देवनागरीत लिहिले आहेत, पण प्लगइनला देवनागरी अंक ही संख्या वाटत नाही आणि चार्ट रिकामा येतो. दुसरी, मोठ्या संख्येत स्वल्पविराम घालू नका. तक्ता प्लगइनला सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाइलमधून द्यायचा आहे. तिच्यात स्वल्पविराम म्हणजे रकाना संपला, त्यामुळे लाखाच्या आकड्याचे तुकडे होऊन ते भलत्याच रकान्यात जाऊन बसू शकतात. तिसरी, एक्सेलमधून फाइल सेव्ह करताना नुसतं सीएसव्ही निवडू नका, सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा. नाहीतर 'शिवसेना'च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल. गूगल शीट्समधून उतरवलेल्या फाइलला हा त्रास होत नाही.

रंगाचा कोड

प्लगइनमधल्या रंगाच्या चौकटीत रंगपट्टीवर बोट फिरवून रंग निवडता येतो. पण असा नजरेने निवडलेला भगवा पुढच्या चार्टमध्ये पुन्हा तसाच सापडत नाही. म्हणून कोड वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून बनतो. प्रत्येकाचं प्रमाण ० ते २५५. वर्डप्रेसच्या चौकटीत हे तीन आकडे हेक्स पद्धतीने, म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात. आधी हॅशचं चिन्ह, मग प्रत्येक प्रकाशासाठी दोन जागा, एकूण सहा. नऊनंतर अंक संपतात म्हणून दहासाठी ए, अकरासाठी बी, असं पंधरासाठी एफपर्यंत. २१३ म्हणजे तेरा सोळे आणि वर पाच, म्हणून डी ५. हा हिशेब हाताने करायची गरज नाही. गूगलवर इंग्रजीत 'कलर पिकर' शोधलं की वरच एक चौकट येते, तिच्यात तीन आकडे टाकले की हेक्स कोड मिळतो.

आपल्या चार्टसाठी हे तीन रंग घ्या:

महायुती: गडद नारंगी. लाल २१३, हिरवा ९४, निळा ०. कोड: हॅश, डी ५ ५ ई ० ०.
महाविकास आघाडी: निळा. लाल ०, हिरवा ११४, निळा १७८. कोड: हॅश, ० ० ७ २ बी २.
इतर: राखाडी. तिन्ही १३६. कोड: हॅश आणि पुढे सहा वेळा ८.

पहिले दोन रंग मी मनाने काढलेले नाहीत. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी रंगांध व्यक्तींनाही वेगळे ओळखता येतील असे आठ रंग निवडले, त्यातले हे दोन. लाल आणि हिरवा यांच्यात गल्लत होणं हा रंगांधत्वाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नफा हिरवा आणि तोटा लाल, ही आपली लाडकी जोडी या लोकांना एकसारखी मातकट दिसू शकते. नारंगी आणि निळ्याच्या जोडीत ती अडचण नाही. शिवाय हा नारंगी भगव्याच्या जवळचा, त्यामुळे मराठी वाचकाच्या सवयीच्याही आड येत नाही.

थोडा वेळ पिवळ्यासाठी. पिवळा रंग पडद्यावर छान झगझगतो म्हणून नवखे लोक त्याच्या प्रेमात पडतात. पांढऱ्या पानावर तो दिसत नाही. दोन रंगांमधला उठाव मोजायचं एक गुणोत्तर आहे. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या निकषांनुसार चार्टमधल्या पट्टीचा किंवा रेषेचा उठाव पार्श्वभूमीशी निदान ३ ला १ हवा, आणि साध्या मजकुराचा ४.५ ला १. ओकाबे-इतो यांच्याच यादीतला पिवळा पांढऱ्यावर जेमतेम १.३ भरतो. गूगलचा ठरलेला नारंगी साधारण २.१. आपला गडद नारंगी ३.९ च्या जवळ, निळा ५.२, राखाडी ३.५. पिवळा वापरायचाच असेल तर काळ्या पानावर वापरा. वेबएम या संस्थेच्या साइटवर दोन कोड टाकले की हे गुणोत्तर लगेच मिळतं.

आता प्लगइनमध्ये

वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये प्लगइन्सखाली नवीन प्लगइन जोडायच्या पानावर जा, इंग्रजीत व्हिज्युअलायझर शोधा, बनवणारे थीमआयल आहेत ना ते बघा, इन्स्टॉल करा आणि ॲक्टिव्हेट करा. रंग बदलायला पैसे भरून घेतलेली आवृत्ती लागत नाही.

डावीकडच्या यादीत व्हिज्युअलायझर दिसू लागेल. नवीन चार्ट घ्या, प्रकार बार निवडा आणि चार्ट काढणारी लायब्ररी कोणती असं विचारलं तर गूगल चार्ट्स ठेवा. चार्टजेएस निवडलंत तर पुढच्या सेटिंगची नावं आणि मांडणी वेगळी येईल.

चार्ट तयार करायच्या खिडकीत डावीकडे चार्टचं चित्र दिसतं आणि उजवीकडे दोन मुख्य भाग: सोर्स आणि सेटिंग्ज. सोर्समधून सीएसव्ही फाइल चढवा. चित्रात सात पट्ट्या दिसतील, पण जरा वाकड्यातिकड्या. काही नावाच्या वर सरकलेल्या, काही खाली. घाबरू नका. प्रत्येक पक्षासाठी तीन पट्ट्यांची जागा राखून ठेवलेली असते आणि शून्यवाल्या दोन दिसत नाहीत, म्हणून तसं होतं. सेटिंग्जमध्ये बार्स सेटिंग्ज उघडा आणि 'इज स्टॅक्ड' चालू करा. तिन्ही रकाने एकाच ओळीत येतील, शून्य कुठेच दिसणार नाही आणि पट्ट्या नावासमोर नीट बसतील.

आता त्याच सेटिंग्जमध्ये खाली सीरीज सेटिंग्ज शोधा. तिथे महायुती, महाविकास आघाडी आणि इतर ही तुमचीच शीर्षकं दिसतील. पहिल्यावर क्लिक करा, कलरच्या पुढचं बटण दाबा, चौकटीत कोड पेस्ट करा. डावीकडचं चित्र तिथल्या तिथे बदलतं. बाकी दोघांना तसंच करा आणि चार्ट सेव्ह करा. आवृत्तीनुसार एखादं नाव किंवा जागा बदललेली दिसेल, पण 'सीरीज' हा शब्द शोधला की वाट सापडते.

सूचीत आता तीनच नावं आहेत आणि तिन्ही कामाची. आधीच्या पाय चार्टच्या सूचीत सात नावं होती.

पाय चार्टच हवा असेल, तर तिथे सीरीजऐवजी स्लाइसेस सेटिंग्ज असतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र रंग देता येतो. पण तो रंग तुकड्याच्या क्रमाला चिकटतो, नावाला नाही. पुढच्या वेळी आकडे बदलताना ओळी वरखाली केल्या, तर काँग्रेसचा रंग गुपचूप दुसऱ्याच पक्षाला जाईल. पाय चार्टमधला क्रम एकदा ठरवला की हलवायचा नाही.

सेटिंग्जच्या तळाशी मॅन्युअल कॉन्फिगरेशन नावाची चौकट आहे. दहाबारा सीरीज असतील आणि एकेक रंग भरायचा कंटाळा येत असेल तर ती उपयोगी. तिथे जेसन पद्धतीने लिहावं लागतं: महिरपी कंसाच्या आत इंग्रजीत कलर्स हा शब्द दुहेरी अवतरणात, मग कोलन, मग चौकोनी कंसात रंगांचे कोड, प्रत्येक कोड अवतरणात आणि मधे स्वल्पविराम. शेवटच्या कोडनंतर स्वल्पविराम राहिला की सगळंच नापास. वर्डमधून मजकूर चिकटवला तर सरळ अवतरणचिन्हं गोलसर होऊन येतात आणि तीही चालत नाहीत. सगळं बरोबर लिहूनही रंग बदलला नाही, तर सीरीज सेटिंग्जमध्ये आधी निवडलेला रंग तसाच आहे का ते बघा. त्याच्यापुढे ही यादी चालत नाही, सीरीजला स्वतंत्र दिलेला रंगच जिंकतो.

रेषेच्या चार्टमध्ये राखाडीची कमाल

दुसरं उदाहरण मुद्दाम वेगळं घेतो. जनगणनेनुसार महाराष्ट्रातली पुरुषांची साक्षरता १९९१ मध्ये ७६.५६ टक्के, २००१ मध्ये ८५.९७ आणि २०११ मध्ये ८८.३८. स्त्रियांची ५२.३२, ६७.०३ आणि ७५.८७. लाइन चार्ट केला की निळी आणि लाल अशा दोन तेवढ्याच ठळक रेषा येतात. नजर कुठे ठरवायची ते कळत नाही.

इथे सांगायची गोष्ट स्त्रियांची आहे: वीस वर्षांत साडेतेवीस टक्के अंकांची चढ आणि तरीही उरलेली दरी. म्हणून पुरुषांच्या रेषेला राखाडी द्या, जाडी २. स्त्रियांच्या रेषेला आपला निळा किंवा गडद नारंगी, जाडी ४. जाडीचा पर्यायही सीरीज सेटिंग्जमध्येच रंगाच्या जवळ असतो. राखाडी रेष तुलनेसाठी हजर राहते पण बोलत नाही. पुरुष निळे आणि स्त्रिया गुलाबी हा ठोकळा टाळलात तर बरं. त्यातून नवं काहीच कळत नाही.

या चार्टमध्ये वर्षाचा रकाना नंबर म्हणून दिलात तर आडव्या अक्षावर एक हजार नऊशे एक्क्याण्णव असं वाचावं तसं, एकनंतर स्वल्पविराम देऊन वर्ष छापलं जातं. वर्षाला स्ट्रिंग करा, स्वल्पविराम जाईल.

आकडा कमीपासून जास्तपर्यंत चढत जाणारा असेल, म्हणजे जिल्हावार पाऊस किंवा लोकसंख्येची घनता, तर वेगवेगळे रंग देऊच नका. एकच रंग घ्या आणि फिकटाकडून गडदाकडे जा. जास्त म्हणजे गडद हे कोणालाही न सांगता कळतं. हिरवा जास्त की जांभळा, हे कोणालाच कळत नाही.

पट्ट्यांच्या आजूबाजूचं

जाळीच्या रेघा जितक्या फिकट तितकं चांगलं. अक्षाच्या सेटिंग्जमध्ये त्यांचा रंग बदलता येतो. अक्षरं मात्र गडदच ठेवा. फिकट राखाडी अक्षरं डिझाइनच्या नमुन्यात देखणी दिसतात, पण उन्हात धरलेल्या मोबाइलवर वाचता येत नाहीत.

पार्श्वभूमीचा रंग लेआउट अँड चार्ट एरिया या भागात आहे. पांढरं पान असेल तर काही करायला नको. थीम काळी असेल तर दोन वाटा: चार्टची पार्श्वभूमी पांढरीच ठेवून त्याची चौकट दिसू द्यायची, किंवा पार्श्वभूमी पारदर्शक करून शीर्षक, सूची आणि दोन्ही अक्षांच्या अक्षरांचे रंग एकेक करून फिकट करायचे. दुसऱ्या वाटेने जाताना एखादं अक्षर काळं राहून काळ्यात गडप होतं, म्हणून नवख्यांनी पहिलीच घ्यावी. थीमच्या कस्टमायझरमध्ये चार्टचे रंग शोधत बसू नका. थीमचे रंग बदलले तरी चार्टमधले बदलत नाहीत.

पुढचा चार्ट करताना कोऱ्या पानापासून सुरुवात नको. व्हिज्युअलायझरच्या चार्ट लायब्ररीत प्रत्येक चार्टखाली क्लोनचं चिन्ह असतं. त्याने नक्कल करा आणि फक्त आकडे बदला, रंग तेच राहतील. एका लेखात महायुती नारंगी असेल तर साइटवर सगळीकडे ती नारंगीच हवी.

प्रकाशित करण्याआधी

क्रोममध्ये चार्टचं पान उघडून एफ १२ दाबा. उघडलेल्या खिडकीच्या तीन ठिपक्यांमध्ये मोअर टूल्स, त्यात रेंडरिंग. तिथे खाली दृष्टिदोषांची नक्कल करणारा पर्याय आहे. त्यातले लाल-हिरव्याचे प्रकार एकेक करून बघा. दोन गट वेगळे ओळखू येत असतील तर पुढे. त्याच यादीत रंग पूर्ण काढून टाकणारा प्रकारही आहे, तो झेरॉक्ससाठी बघायचा. आपला नारंगी आणि राखाडी तिथे बरेच जवळ येतात. प्रत्येक पट्टीशेजारी नाव असल्यामुळे या चार्टचं त्यावाचून अडत नाही, पण हाच चार्ट काळ्यापांढऱ्या अंकात छापायचा असेल तर निळा आणखी गडद आणि राखाडी आणखी फिकट करून वेगळी प्रत ठेवा.

मग पोस्टमध्ये चार्टचा ब्लॉक टाका किंवा चार्ट लायब्ररीतला शॉर्टकोड, म्हणजे चार्टचा क्रमांक असलेला छोटा कोड, चिकटवा, आणि पान मोबाइलवर बघा, शक्यतो दुसऱ्याच्या मोबाइलवर.

जुनेच रंग दिसत असतील तर सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका. बहुतेक वेळा साइटवरच्या कॅश प्लगइनने पानाची जुनी प्रत धरून ठेवलेली असते. त्याची कॅश रिकामी करा आणि पान इनकॉग्निटो खिडकीत उघडा. होस्टिंग कंपनी स्वतःची कॅश ठेवत असेल तर तिच्या पॅनेलमधूनही ती पुसावी लागते. एवढं करूनही निळा-लालच दिसला, तर पोस्टमधल्या शॉर्टकोडचा क्रमांक बघा. क्लोन केल्यावर नव्या चार्टला नवा क्रमांक मिळतो आणि पोस्टमध्ये जुनाच राहिलेला असतो.